सुहास सर आणि चोवीस डझन नॅपकिन

सहा फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारचे सव्वाचार. रक्कम चार हजार आठशे रुपये. हजर तिघं: राजमणी अक्का, वर्कशॉप तिचं; सुहास सर, बिल त्यांचं; आणि मी, कारण अक्काचे जीएसटीचे कागद दर महिन्याला मी बघतो आणि त्या दिवशी नेमका तिथे बसलो होतो.

बिल तोंडी होतं. सरांची बिलं तोंडीच असत. "डिस्क एकोणतीसशे, सिस्टिम लोडिंग बाराशे, ड्रायव्हर सातशे." तिन्ही आकडे त्यांनी वर बघत सांगितले, जणू ते पंख्याच्या पात्यांवर लिहिले होते. बेरीज बरोबर होती. सरांची बेरीज कधी चुकायची नाही, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फार थोडं आहे.

"ड्रायव्हरचे सातशे?" मी विचारलं. "पण मशीन तर चालत नाही अजून."

"काका, ड्रायव्हर म्हणजे प्रोसेस असते. आज टाकला, उद्या सेट होईल. नवी सून पहिल्याच दिवशी पुरणपोळी करते का?"

सर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. मी त्रेपन्न. तरी मी काका. ज्याला कॉम्प्युटरमधलं कळत नाही असं त्यांना वाटे, तो त्यांचा काका होई. वयाचा संबंध नव्हता.

अक्काने पदराआडच्या बटव्यातून तीन हजार काढून दिले आणि म्हणाली, "बाकीचे अठराशे मशीन चालल्यावर घ्या की सर." सरांनी नोटा न मोजता खिशात घातल्या. न मोजणं हा त्यांचा मोठेपणा. जिना उतरल्यावर ते मोजत असत, हे मी गॅलरीतून पाहिलेलं आहे.

सरांना सर का म्हणतात, याची मी एकदा चौकशी केली होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी साखर पेठेत त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. दोन बॅच झाल्या. तिसरीला मुलं आली नाहीत. क्लास बंद पडला, टेबलं-खुर्च्या विकल्या गेल्या, 'सर' तेवढं शिल्लक राहिलं. मग त्यांनी नवी पेठेत जिन्याखालच्या एका गाळ्यात रिपेअरिंगचं दुकान थाटलं. पाटीवर त्यांच्या नावाखाली 'डायरेक्टर' असं लिहिलं होतं. दुकानात दुसरा माणूस नव्हता.

अंगाने उंच, जरासे वाकलेले, फुल बाह्यांचा शर्ट खोचलेला, आणि पट्ट्याला एक मोठी कडी. त्या कडीत वीस-पंचवीस पेन ड्राइव्ह लोंबत असत. सर जिना चढू लागले की ते खुळखुळत, आणि घरातला कॉम्प्युटर बिघडलेला माणूस त्या आवाजाने निम्मा निश्चिंत होई. समोर बसले की सर त्या जुडग्यातला एकेक पेन ड्राइव्ह डोळ्यांजवळ धरून पाहत, सोडून देत, दुसरा धरत. या पाहणीत दोन-तीन मिनिटं जात. एकाही पेन ड्राइव्हवर काही लिहिलेलं नव्हतं.

निदान एकच असे: "ड्रायव्हर उडालाय." आवाज येत नाही, ड्रायव्हर उडालाय. पडदा हलतो, ड्रायव्हर उडालाय. आमच्या शेजारच्यांनी की-बोर्डवर चहा सांडला होता आणि तसं कबूलही केलं होतं, तरी सर म्हणाले, "चहा निमित्त झाला हो, ड्रायव्हर आधीच उडालेला असणार." उपायही एकच: "फॉरमॅट मारावा लागेल." डॉक्टर ज्या आवाजात 'अॅडमिट करावं लागेल' म्हणतात, त्या आवाजात ते हे म्हणत, आणि समोरचा तितकाच घाबरे.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात नवा प्रिंटर आला, तेव्हा सरांनाच बोलावलं. प्रिंटरच्या मागच्या बाजूला त्याचा मॉडेल नंबर असतो. वाकून तो वाचायचा आणि त्याच नंबरचा ड्रायव्हर टाकायचा, एवढंच काम. सर वाकले नाहीत. त्यांनी एक पेन ड्राइव्ह खुपसला आणि त्यावर होते नव्हते ते सगळे ड्रायव्हर टाकून दिले. "चाळीस टाकलेत. एक तरी बसेल." तेव्हापासून मेंटेनन्सची पावती छापायला घेतली की पडद्यावर चाळीस प्रिंटरांची यादी येई, आणि आमचे चेअरमन चष्मा कपाळावर चढवून एकेक दाबून पाहत. सरांनी पाचशे रुपये घेतले. मी तक्रार केली, तर म्हणाले, "काका, एक ड्रायव्हर साडेबारा रुपयांना पडला. हा रेट पुण्यात मिळेल का तुम्हाला?"

भागाकारही बरोबर होता.

मग आम्ही त्यांना का बोलावत होतो? कारण ते येत. 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणून दोन तासांनी येत, पण येत. मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून स्कूटरवर येत. हुशार माणसं फोन उचलत नसत. न येणाऱ्या हुशारापेक्षा येणारा बरा, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. येणारा किती नुकसान करू शकतो, हा हिशोब कोणी मांडला नव्हता.

तो मांडायची वेळ अक्काच्या वर्कशॉपमध्ये आली.

अशोक चौकाच्या मागे अक्काच्या नवऱ्याने हे वर्कशॉप सुरू केलं होतं. तो गेल्यापासून ती एकटी चालवते. नॅपकिनवर नक्षी किंवा अक्षरं विणायची असली की मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवतात, आणि जकार्डला जाड पुठ्ठ्याचे भोकं पाडलेले पत्ते लागतात. एक पत्ता म्हणजे विणकामातली एक आडवी ओळ. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. असे शेकडो पत्ते एकापाठोपाठ ओवले की एक डिझाइन तयार होतं. अक्का हे पत्ते पाडून देते. भोकं पाडणारं मशीन कॉम्प्युटरला जोडलेलं आहे, आणि दोघांच्या मध्ये, कॉम्प्युटरच्या पोटात, हाताच्या पंजाएवढं एक हिरवं कार्ड आहे. कॉम्प्युटर कार्डाला सांगतो, कार्ड मशीनला सांगतं.

आता बहुतेक कारखान्यांनी पत्ते सोडून इलेक्ट्रॉनिक जकार्ड घेतले आहेत. अक्काला नेमाने काम देणारे एकच उरले होते, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले इरफानभाई. फेब्रुवारी लागताच त्यांनी अक्काला समोर बसवून सांगितलं होतं, "देखो अक्का, करकंबच्या माने मंडळींचं लग्न आहे. आहेरात वाटायला तीन हजार नॅपकिन, त्यावर त्यांचं नाव. डिझाइन टायमात दिलं तर माझे चारही माग पत्त्यांवरच ठेवतो. नाही दिलं, तर इलेक्ट्रॉनिकवाला रोज येऊन बसतोय, त्याला बयाणा देतो. मग माझ्यावर रुसायचं नाही."

थोडक्यात, मशीन राहणार की भंगारात जाणार, हे या एका ऑर्डरवर होतं. अक्काला दुसरं उत्पन्न नाही. कॉम्प्युटर सुरू व्हायला जरा वेळ लागतो, ऐन कामात अडायला नको, म्हणून तिने सरांना बोलावलं. एवढीच तक्रार होती: जरा वेळ लागतो.

सर आले, दोन पेन ड्राइव्ह हुंगल्यासारखे करून म्हणाले, "सिस्टिम बत्तीस बिटची आहे, अक्का. जग चौसष्टवर गेलं. आणि डिस्क डेड व्हायला आलीये." त्यांनी जुनी डिस्क काढून आपल्या बॅगेत टाकली, नवी बसवली आणि चौसष्टची नवी सिस्टिम टाकली. काढलेला पार्ट रिपेअर करणाराने न्यायचा, असा या धंद्यात रिवाज आहे. कोणी हरकत घेत नाही. मीही घेतली नाही.

नव्या सिस्टिमने हिरव्या कार्डापुढे पिवळा त्रिकोण काढून ठेवला. म्हणजे, काहीतरी खोचलेलं दिसतंय, पण हे काय आहे ते मला माहीत नाही. सरांनी सातशे लावले ते या त्रिकोणाचे.

सोमवारी सर परत आले. कागद अपुरे राहिले होते, म्हणून मीही तिथेच होतो. तासभर शोधाशोध करून त्यांना त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचा ड्रायव्हर मिळाला. अक्काच्या कार्डाचा नव्हे, त्याच्या धाकट्या भावाचा. टाकताना सिस्टिमने विचारलं की हा या वस्तूचा दिसत नाही, तरी टाकायचा का? सरांनी 'हो' दाबलं. "सिस्टिमचं काम घाबरवायचं. आपण घाबरायचं नाही." त्रिकोण गेला. सरांनी खुर्चीत मागे रेलून बडीशेप तोंडात टाकली.

मग टेस्ट. एक पत्ता सगळी भोकं पाडून काढला: सगळी पडली. एक पत्ता एकही भोक न पाडता काढला: एकही पडलं नाही. "शंभर टक्के आणि शून्य टक्के, दोन्ही ओके. मधलं सगळं आपोआप ओके."

अक्का म्हणाली, "एक तुकडा विणून बघू की सर. आमच्यात पहिला नमुना विणतेत, मालक बघतेत, मगच माग लावतेत. आमच्या ह्यांनी कदी नमुना सोडला न्हाई."

"अहो अक्का, नमुना कशासाठी? माणसाची चूक धरायला. इथे माणूस आहेच कुठे? इरफानभाईंना फोन लावा, मी बोलतो."

ते बोलले. इरफानभाई घाईत होते. फोनमधून आवाज आला, "सर बोलतायत तो ठीकच असणार. भेजो पत्ते."

माणूस आहेच कुठे, असं म्हणणारा माणूस समोर बसला होता. पण हे मला नंतर सुचलं.

याच आठवड्यात सरांनी माझंही एक काम पुरं केलं. माझा घरचा कॉम्प्युटर महिनाभर त्यांच्या दुकानात पडून होता. त्याला डिस्क हवी होती. हा आणि अक्काचा कॉम्प्युटर सरांनीच आम्हाला विकलेले, एका बंद पडलेल्या ऑफिसच्या लिलावातले, एकाच घाण्यातले. बुधवारी त्यांनी तो घरी आणून दिला. "सेकंडहँड डिस्क, पण माल एक नंबर. अकराशे." सुरू केला की पडद्यावर मधोमध एक चौकट येई: कार्ड सापडलं नाही. मी विचारलं, हे कोणतं कार्ड? सर म्हणाले, "कुठल्यातरी जुन्या गेमचा मेसेज आहे. ओके दाबायचं आणि पुढे जायचं." मी रोज ओके दाबून पुढे जात होतो.

शनिवारी दुपारी इरफानभाईंचा फोन आला. अक्का आणि मी रिक्षाने गेलो. सरांनाही बोलावलं होतं. तेही, नेहमीप्रमाणे, उशिरा का होईना आले.

मागाशेजारी नॅपकिनांचा ढीग होता. चोवीस डझन. मी एक उचलला. 'शुभविवाह' आणि खाली 'माने परिवार, करकंब' असं हवं होतं. शिरोरेखा अगदी पट्टीने आखल्यासारखी सरळ आली होती. पण तिच्याखाली जे लोंबत होतं, ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. उभ्या काठ्या आपलं अक्षर सोडून शेजारच्याला चिकटल्या होत्या. गोलाई होती तिथे पायऱ्या झाल्या होत्या. दोन्ही कोपऱ्यांतल्या मोरांचे फणे झाले होते, म्हणजे केस विंचरायचे.

विणकर तेलंगणातून नुकताच आलेला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. तो अक्काला तेलुगूत काहीतरी म्हणाला. अक्काने आम्हाला सांगितलं, "त्याला वाटलं, नक्षीच आहे म्हणून."

"नक्षी!" इरफानभाईंनी नॅपकिन सरांच्या तोंडासमोर धरला. "पढो सर. पढके दिखाओ. माने कुठाय? करकंब कुठाय?"

सरांनी नॅपकिन उलटा करून पाहिला, उजेडाकडे धरला, चुरगळला आणि विचारलं, "सूत कुठलं वापरता तुम्ही?"

मी आयुष्यात पुष्कळ निर्लज्ज माणसं पाहिली आहेत, ऑडिटला बसल्यावर तर रोजच. पण इतक्या शांतपणे चूक दुसऱ्याच्या सुतावर नेऊन घालणारा दुसरा पाहिला नाही. ते खोटं बोलत होते असंही म्हणता येणार नाही. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. सुतानंतर ते मागावर गेले, मागावरून विजेच्या दाबावर, आणि सगळे उपाय संपल्यावर म्हणाले, "फॉरमॅट मारावा लागेल."

"किसको?" इरफानभाई ओरडले. "मान्यांना?"

विणकराला मराठी कळत नव्हतं, तरी तो हसला. अक्का हसली नाही. ती खाली बसून नॅपकिनांच्या घड्या करत होती. इरफानभाईंनी तिच्याकडे बघून आवाज खाली आणला. "बुधवारपर्यंत थांबतो अक्का. गुरुवारी मी इलेक्ट्रॉनिकवाल्याला हो म्हणणार. तीन हजार नॅपकिनांचा सवाल आहे, मलाही तोंड दाखवायचंय."

परत येताना रिक्षात अक्का एकच वाक्य बोलली. "नमुना विणला असता, अण्णा."

वर्कशॉपमध्ये येऊन मी कॉम्प्युटर उघडला आणि सरांनी जे केलं नव्हतं ते केलं: वाकून पाहिलं. हिरव्या कार्डाच्या कडेला इचलकरंजीचा एक फोन नंबर छापलेला होता. कंपनी कधीच बंद झाली होती, पण नंबर कार्ड बनवणाऱ्या गृहस्थांच्या घरी लागला. ऐंशीच्या पुढचे असावेत. झोपमोड झाल्यासारखे बोलत होते. मी सगळी हकीकत सांगितली. ती ऐकता ऐकता त्यांची झोप उडाली.

"कोण आहे तो गाढव? कॉम्प्युटर सुरू झाला की सिस्टिम प्रत्येक खाचेत जाऊन विचारते, बाबा तू कुणाचा आणि तुझा नंबर काय? कार्ड नंबर सांगतं. मग सिस्टिम आपल्या साठ्यात बघते, या नंबरशी बोलणारा ड्रायव्हर कोण आहे? सापडला की त्याला आत घेऊन कार्ड त्याच्या ताब्यात देते. नाही सापडला तर गप्प त्रिकोण काढते. इतकी सभ्य पद्धत आहे. तुमच्या गाढवाने तिला बळजबरीने दुसरा माणूस दिला!"

"पण कंपनी एकच," मी म्हणालो.

"एकच ना! पण पुढच्या कार्डात तारांचा क्रम मीच उलटा केला होता. आठ भोकांचा एक गट. जुन्यात डावीकडून उजवीकडे, नव्यात उजवीकडून डावीकडे. त्यामुळे तुमची प्रत्येक आठ भोकं आपापल्या जागी उलटी पडलीत."

"त्यांनी टेस्ट घेतली होती. सगळी भोकं आणि एकही नाही."

"अहो, आठ माणसं रांगेत उभी केली आणि आठही जणांना पांढऱ्या टोप्या घातल्या, तर रांग उलटी फिरवलेली कळेल का? एकाला तरी काळी घाला की!"

हे मला एका क्षणात पटलं, कारण आमच्या धंद्यातही हेच आहे. नावे आणि जमा यांची बेरीज जुळली म्हणून नोंदी बरोबर होत नाहीत. चुकीच्या खात्यात टाकलेली रक्कमही बेरजेत छान जुळते. शिरोरेखा सरळ का आली तेही कळलं. तिथे सगळीच भोकं होती.

"मग आमच्या कार्डाचा ड्रायव्हर द्या," मी म्हणालो.

"माझ्याकडे नाही. आणि असता तरी तो बत्तीसच्या सिस्टिमचा. चौसष्टवाली त्याला दारात उभं करणार नाही. जुनी डिस्क लावा, झालं. त्यात सिस्टिमही आहे, ड्रायव्हरही आहे. कुठाय ती?"

मी सरांना फोन केला. "ती डिस्क? भंगारात दिली, काका. डेड डिस्क घरात ठेवू नये. निगेटिव्हिटी येते."

रविवार भंगारवाल्यांकडे गेला. सोमवारी संध्याकाळी मी पुन्हा इचलकरंजीला फोन लावला, दुसरा काही मार्ग आहे का ते विचारायला. गृहस्थ म्हणाले, नाही. मग म्हणाले, "भंगारवाल्याकडे ढीगभर डिस्क असतील. ओळखायची खूण सांगतो. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून सुरू केली की आमचा प्रोग्राम आधी कार्ड शोधतो. कार्ड तिथे नसणारच. मग तो पडद्यावर चौकट काढून लिहितो..."

"कार्ड सापडलं नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत?"

मी फोन कानाला धरून माझ्याच टेबलापाशी उभा होतो. चौकट समोरच होती. अजून ओके दाबायचं होतं.

सरांनी अक्काची 'डेड' डिस्क पाच दिवसांत मला अकराशेला विकली होती. दोन्ही कॉम्प्युटर एकाच लिलावातले, आतून सारखे, त्यामुळे एकाची डिस्क दुसऱ्यात घातली तरी सगळे ड्रायव्हर जागच्या जागी बसले आणि तो बिनतक्रार सुरू झाला. सरांना फक्त माझं नाव टाकावं लागलं. अख्ख्या सोलापूरला फॉरमॅट मारणाऱ्या माणसाने एवढी एक डिस्क तेवढी फॉरमॅट केली नव्हती. आळसाने. अक्काचं वर्कशॉप वाचलं ते या आळसामुळे. त्यांच्या गुणांमुळे कोणाचं काही वाचल्याचं मला माहीत नाही.

मंगळवारी सकाळी मी डिस्क काढून अक्काकडे नेली आणि तिच्या कॉम्प्युटरमध्ये बसवली. सुरू व्हायला जरा वेळ लागला. चौकट आली नाही. त्रिकोण नव्हता. अक्काची सगळी डिझाइनं होती तिथे होती. तिने पत्ते पाडायला घेतले. बुधवारी इरफानभाईंकडे आधी एक तुकडा विणला. त्यांनी तो हातात धरून मोठ्याने वाचला, "शुभविवाह. माने परिवार, करकंब." मग मोरांकडे बघून म्हणाले, "अब आया मोर." आणि विणकराला हाताने खूण केली: चालू कर. चारही माग पत्त्यांवर राहिले. अजून आहेत.

सर त्या दिवशी तिथे आपण होऊन आले होते, बाकी अठराशे मागायला. मशीन चालल्यावर द्यायचे ठरले होते आणि मशीन चाललं होतं.

"सर, भंगारात दिलेली डिस्क माझ्या घरी कशी आली?" मी विचारलं.

त्यांना उत्तर शोधायला बडीशेप चावण्याइतकाही वेळ लागला नाही. "काका, तुमच्याकडे सेफ राहील म्हणूनच ठेवली ना! यालाच बॅकअप म्हणतात. त्याचा चार्ज मी लावलेला नाही, हे बघा."

मी म्हणालो, एक पैसाही द्यायचा नाही. इरफानभाई त्याहून वाईट शब्दांत तेच म्हणाले. पण अक्काने हिशोब वेगळा केला. ते चोवीस डझन इरफानभाईंनी खराब मालाच्या भावाने तिच्या नावावर टाकले होते, नगाला सव्वासहा रुपये. ती म्हणाली, "सर, दोनशे अठ्ठ्याऐंशी नॅपकिन आहेत. सव्वासहानं अठराशेच होतेत. तुमचं काम आहे, तुमीच न्या." सरांनी गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. त्यांनी स्कूटरच्या पुढे, मागे आणि मांडीवर मिळून तीन गठ्ठे रचले आणि गेले. आपल्याला काही बोललं गेलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

अक्काची नवी डिस्क मी ठेवून घेतली. तिचे एकोणतीसशे आणि माझे अकराशे, फरक अठराशेचा. ती नको नको म्हणत होती. मी तिच्या हातावर मोजून ठेवले, आणि तिने ते तिथल्या तिथे, तिच्या नावावर टाकलेल्या त्या चोवीस डझनांचे म्हणून, इरफानभाईंना दिले.

यानंतर सरांना मी एकदाच पाहिलं. जूनमध्ये, नवी पेठेत. पाटी नवी होती. आता ते सीसीटीव्हीही बसवतात. पट्ट्याला कडी तीच. मला बघताच त्यांनी हाक मारली, "या काका!" दुकानात एक तरुण जोडपं लॅपटॉप घ्यायला आलं होतं. सरांनी खांद्यावरच्या नॅपकिनने कपाळ पुसलं, मग तशाच दुसऱ्या नॅपकिनची कोरी घडी काढून लॅपटॉपवर पसरली. सरळ शिरोरेखा, खाली ते लोंबणारं, दोन्ही बाजूंना फणे.

"स्क्रीन पुसायला स्पेशल," ते त्या मुलीला सांगत होते. "आणि डिझाइन बघा. हातानं काढलेलं नाही. प्युअर कॉम्प्युटरनं काढलंय. असं माणसाला जमणारच नाही."

मुलगी बोटाने नक्षी चाचपत म्हणाली, "छान आहे. वेगळंच आहे."

घरी एक नमुना असावा म्हणून मीही एक मागितला. सरांनी घडी घालून दिला. वीस रुपये. मी ते सुहास सरांना रोख दिले. त्यांनी पावती दिली नाही.